न विचारलेली खोड

आमच्या भागात बैल विकायचा म्हणजे बेल्ह्याचा बाजार. सोमवारचा. आता तिथं पूर्वीएवढे बैल येत नाहीत, ट्रॅक्टरनं दावणी रिकाम्या केल्या. पण मी सांगतोय ते माझ्या शाळकरी वयातलं. वडील रविवारी बैल घेऊन निघायचे, मी मागं काठी घेऊन. रात्री वाटेत कुणाच्या तरी खळ्यावर मुक्काम आणि उजाडताना बाजारात. गिऱ्हाईक यायचं, बैलाचं तोंड उघडून दात बघायचं, दोनदाती की चारदाती की जुळलेला. खुरं बघायचं, चार पावलं चालवून बघायचं. मग हेडी उपरण्याखाली हात धरायचा आणि बोटांवर भाव व्हायचा. शेजारी उभा असलेल्यालाही काय ठरलं ते कळायचं नाही.

वडलांचा एक नियम होता. विचारलं तर खरं सांगायचं, न विचारलं तर तोंड उघडायचं नाही, आणि जनावराला काही फासायचं नाही. फासणारे पुष्कळ होते. शिंगं तासून तेल लावायचे, म्हणजे बैल तरणा दिसतो. खांद्याला आवाळू असेल तर त्यावर तेल-काजळी चोपडायचे. गाय असेल तर आदल्या दिवसापासून पिळायचीच नाही, कास तुंबवून आणायची. ती बिचारी बाजारात पाय फाकून उभी. असल्या माणसांना वडील चोर म्हणायचे, तोंडावर म्हणायचे. पण आपला बैल दुपारनंतर औताला बसतो हे त्यांनी न विचारता कधी कुणाला सांगितलं नाही. त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं.

हाच नियम सरकारी कायद्यात आहे हे मला चाळिशीनंतर कळलं. बांधाच्या एका केसपायी जुन्नरच्या कोर्टात तारखांना जावं लागायचं. तारीख म्हणजे दिवसभर व्हरांड्यात बसणं. आमचे वकील मोकळे असले की गप्पा मारायचे. एकदा बैलबाजाराचा विषय निघाला तेव्हा त्यांनी सांगितलं, १८७२ च्या करार कायद्यात १७ वं कलम फसवणुकीचं आहे, आणि त्याखाली घोड्याचं उदाहरण दिलंय. एकानं लिलावात घोडा विकला. घोड्यात दोष आहे हे त्याला ठाऊक होतं, पण तो काही बोलला नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. पण घेणारी त्याचीच मुलगी असेल, नुकतीच सज्ञान झालेली, तर मात्र त्यानं सांगायला पाहिजे. घेणारा असं म्हणाला की तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा चांगला आहे असं मी धरून चालतो, आणि विकणारा तरी गप्प बसला, तर ते गप्प बसणं बोलल्यासारखंच. आणि ठाऊक असलेला दोष मुद्दाम झाकला तर ती सरळसरळ फसवणूक.

मला गंमत वाटली. साहेबानं केलेला कायदा आणि शाळेची पायरी न चढलेला माझा बाप, दोघं एकाच मुक्कामाला आले होते. गप्प बसायला हरकत नाही, फासायला आहे. मुलीचं तेवढं वेगळं.

हा नियम कुठं अपुरा पडतो ते मला जीप विकताना दिसलं.

महिंद्राची जुनी डिझेल जीप होती आमच्याकडं. टोमॅटोचे क्रेट नारायणगावला, अडीअडचणीला माणूस दवाखान्यात, लग्नसराईत वऱ्हाड, सगळं तिनंच केलं. विकायची पाळी आली ती सोसायटीच्या पीककर्जामुळं. त्या साली टोमॅटोनं हात दिला नाही. सोसायटीचं देणं ९६ हजार. ३१ मार्चच्या आत भरलं तर व्याजाची सवलत, नाही तर सवलत गेली आणि वर थकबाकीदार म्हणून नाव. ज्यानं सोसायटीच्या बोर्डावर आपलं नाव वाचलंय त्याला मार्च महिना काय असतो ते सांगायला नको.

गिऱ्हाईक लांबचं नव्हतं. पलीकडच्या वाडीचा पंचविशीतला पोरगा, मला आबा म्हणणारा. त्याच्या आजीचं माहेर आमच्या भावकीतलं. त्याला माळशेज उतरून कल्याणच्या मार्केटला भाजी न्यायची होती, आणि येताना मुरबाडकडची माणसं भरून आणायची होती. त्यानं जीप बघितली. टायरला लाथ मारली, सीटवर बसला, हॉर्न वाजवला. बॉनेट उघडलं खरं, पण आत बघून मान हलवली नि परत लावलं. १ लाख ५ हजारांना सौदा ठरला. ५ हजार विसार दिला आणि बाकीचे २५ मार्चपर्यंत आणतो म्हणाला.

त्याच आठवड्यात जीपखाली हिरवट डाग दिसला.

तालुक्याच्या गावात एका गॅरेजात दाखवली. मेस्तरीनं खाली वाकून बॅटरी मारली आणि म्हणाला, "वॉटर बॉडी गेलीय." पाण्याच्या पंपाला गॅरेजवाले वॉटर बॉडी म्हणतात. "बदलायची तर मजुरीसकट चार हजार. पण गाडी विकलीय म्हणता ना? मग कशाला घालवता? भोकात एम-सील भरतो. चाळीस रुपयांचं काम. महिनाभर थेंब पडायचा नाही."

थोरला बरोबर होता. तो म्हणाला, "भरून टाका."

मी म्हटलं, आधी घरी जाऊ.

आता हे भोक काय असतं ते सांगतो, कारण सगळा प्रश्न त्या भोकातच आहे. जीपच्या इंजिनात पाणी फिरतं ते गार ठेवायला. ते फिरवायला इंजिनच्या तोंडाशी एक छोटा पंप असतो, पट्ट्यावर चालणारा. आत पाण्यात फिरणारी पाती, बाहेर पुली, दोन्हींच्या मधे एक दांडा. दांडा फिरतो बेअरिंगवर, आणि पाणी बेअरिंगकडं येऊ नये म्हणून पाती आणि बेअरिंगच्या मधे सील बसवलेलं असतं. सील झिजलं की पाणी बाहेर येऊ लागतं. ज्यानं कुणी हा पंप पहिल्यांदा आखला त्याला हे ठाऊक होतं. म्हणून त्यानं सील आणि बेअरिंग यांच्या मधोमध खालच्या अंगाला एक बारीक भोक ठेवलं. पाणी बेअरिंगमधे न शिरता त्या भोकातून खाली गळावं, आणि मालकाला डाग दिसावा. त्या भोकाला दुसरं कामच नाही. नवा पंप असताना ते वर्षानुवर्षं कोरडं असतं. पंप बिघडला की तेच बोलतं.

ते बुजवलं तर? थेंब थांबतो. पण पाणी थांबत नाही. ते मग बेअरिंगमधे शिरतं, ग्रीस धुऊन काढतं, बेअरिंग गंजतं, दांडा हलायला लागतो. पंखा त्याच दांड्यावर असेल तर एखाद्या दिवशी तो पुढच्या रेडिएटरमधे घुसतो. म्हणजे बैलाच्या खांद्यावर काजळी फासणं आणि हे भोक बुजवणं एकसारखं नाही. काजळीनं आवाळू वाढत नाही, नुसतं दिसत नाही. इथं खोड झाकली की झाकल्यानंच ती वाढते.

हे मला लगेच उमगलं याचं कारण विहिरीवरचा पंप. माझी उमर इंजिन-मोटारीशेजारी गेली. विहिरीवरच्या जुन्या पंपाच्या ग्लँडला दोरी भरावी लागते, आणि ती भरताना थोडा थेंब पडू द्यावा लागतो. नवशिका माणूस गळती बघितली की ग्लँड आवळत जातो. थेंब बंद होतो, त्याला बरं वाटतं, आणि थोड्या वेळानं दांडा तापून दोरी जळाल्याचा वास येतो. त्या पंपाचा थेंब म्हणजे तब्येत चांगली असल्याची खूण. जीपच्या पंपाचा थेंब म्हणजे दुखणं. पण दोन्हीकडं थेंब बंद करून काम भागत नाही.

वाटेत थोरल्याचं आणि माझं बोलणं झालं. त्याची बाजू कच्ची नव्हती, म्हणून ती इथं पुरी सांगतो.

"आबा, जुनी गाडी आहे हे त्याला माहीत आहे. म्हणूनच एक लाखाला मिळतेय, नवी कुठं मिळती? मेस्तरी आणून बघायला आपण नको म्हटलं का?"

"नाही म्हटलं."

"आपण घेतली तेव्हा आपल्याला कुणी सांगितलं? मागच्या डिफरन्समधे लाकडाचा भुसा घालून आवाज दाबला होता. चार महिन्यांनी कळलं. तो माणूस आज सुखानं झोपतोच ना?"

हेही खरं होतं. भुसा मी माझ्या हातानं काढलाय.

"आणि तुम्ही खरं बोलून ३१ तारखेला कमी पडलं तर ते खरेपण सोसायटी जमा करून घेणार आहे का?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. खरं बोलायचा खर्च बहुतेक वेळा गरजवंतालाच पडतो. ज्याला घाई नाही त्याला खरं बोलणं स्वस्त पडतं. प्रवचनात हे कुणी सांगत नाही.

पण त्याच्या पहिल्या मुद्द्यावर मी अडलो. बेल्ह्याच्या बाजारात वडील गप्प बसायचे तेव्हा समोरचाही बैलातलाच माणूस असायचा. दात त्याला कळायचे, चाल कळायची, न विचारलेलं तो हातानं चाचपून काढायचा. दोघांच्या डोळ्यांत सारखंच तेज होतं. म्हणून ते गप्प बसणं चालून जायचं. इथं तसं नव्हतं. हा पोरगा बॉनेट उघडून मान हलवणारा. मला दिसतंय आणि त्याला दिसत नाही, आणि मी गप्प. मग हे गप्प बसणं त्या बाजारातलं राहत नाही. कायद्यानं मुलीचा अपवाद केलाय तो मला वाटतं याचसाठी असावा. ती बापावर डोळे मिटून विसंबते. मग हा पोरगा कुणावर विसंबला होता? आबा म्हणतो, आणि आबा म्हणूनच त्यानं मेस्तरी आणला नाही. गावात नाती अशी पसरलेली असतात की त्या घोडेवाल्यानं गावात घोडा विकला तर त्याला प्रत्येक गिऱ्हाईक मुलगीच.

आणखी एक गोष्ट कायद्याच्या त्या उदाहरणात नाही. तिथं देणारा आणि घेणारा दोघंच आहेत. जीपमधे मागं माणसं बसणार होती. भाजीवाल्या बाया, कल्याणला लेकीकडं निघालेल्या म्हाताऱ्या. त्यांनी ना बॉनेट उघडलं ना विसार दिला. उन्हाळ्यात माळशेज चढताना बघा, वळणावळणावर गाड्या बॉनेट वर करून उभ्या असतात आणि ड्रायव्हर बाटलीनं पाणी घालत असतो. उन्हाळ्यात नुसती फजिती. पावसाळ्यात, धुक्यात, रात्री, मागून ट्रक येत असताना वळणावर गाडी बंद पडणं ही फजिती नव्हे.

चार हजार द्यायला नव्हते. म्हणून पंप घरीच बदलायचा ठरवलं. दुकानातून नवी वॉटर बॉडी आणली १,६५० ला, पॅकिंग आणि कूलंट धरून २,३०० झाले. वॉटर बॉडीचं काम अवघड नाही, किचकट आहे. ज्यांना करायचं असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून ठेवतो.

इंजिन रात्रभर गार होऊ द्यावं. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नये. आत दाब असतो, त्यामुळं शंभर डिग्रीच्या वर गेलेलं पाणीही उकळत नाही, आणि झाकण उघडलं की एकदम उकळून तोंडावर येतं. या पायी भाजलेली माणसं मी बघितलीत. खालची तोटी सोडून पाणी घमेल्यात घ्यावं, जमिनीवर सोडू नये. कूलंट चवीला गोड असतं आणि विषारी असतं. कुत्रं चाटतं, वासरू तोंड घालतं, आणि मग जिवावर बेततं. आम्ही वासरू आधीच लांब बांधलं होतं. आमचं कुत्रं घमेल्याशी दोनदा आलं, थोरल्यानं दोनदा हाकललं. ते पाणी कॅनमधे भरून झाकण लावून ठेवलं.

मग रेडिएटर काढला, जागा होते. डायनामो सैल करून पट्टा उतरवला, पंखा-पुली काढली. पंपाचे बोल्ट सगळे एका लांबीचे नसतात. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर नुकसान करतो. मी लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढला, भोकं पाडली आणि जो बोल्ट जिथला तो तिथं खोचत गेलो. पत्रिका कुणाची होती ते बघितलं नाही, त्या सालातली बरीच साठली होती. जुनं पॅकिंग ब्लेडनं हळूहळू खरवडायचं. इथं घाई करणाऱ्याला परत सगळं उघडावं लागतं. त्यातच आमची दुपार गेली.

जुना पंप हातात आला तेव्हा थोरल्यानं दांडा फिरवून बघितला. खरखर आवाज. वर-खाली हलवला तर हललाही. भोकाशी हिरवट-पांढरी खपली धरली होती. तो बराच वेळ बघत बसला. मला वाटलं आता काही बोलेल. बोलला ते वेगळंच.

"आबा, आपला टोमॅटो खाणाऱ्याला कुठं भोक दिसतं?"

मी ब्लेड खाली ठेवलं.

"औषध मारल्यावर किती दिवस थांबायचं ते बाटलीवर लिहिलेलं असतं. आपण थांबतो. पण भाव चढला की परवा मारलेला माल आज क्रेटमधे भरणारे आपल्याच शिवारात आहेत. कल्याणची बाई टोमॅटो हातात घेऊन बघती, लाल आहे, कडक आहे, घेती. तिला काय कळणार? आणि ते तुम्ही जाऊन तिला सांगणार आहात का?"

कांद्याचं त्यानं काढलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. गोणीत वर मोठा कांदा आणि खाली गोल्टी भरणारे असतात, पण व्यापारी गोणी ओतून बघतो, तो हेड्यासारखाच तयारीचा. टोमॅटो खाणारी बाई तशी नाही. ती त्या पोरासारखी आहे, बॉनेट उघडून मान हलवणारी. दुसऱ्याच्या शेतातलं मी तिला सांगू शकत नाही, आणि गप्प बसलो तर त्या गप्प बसण्यात मीही आहे. त्या दिवसापासून हा प्रश्न डोक्यात आहे. त्याची तड लागलेली नाही.

बोल्ट आवळताना समोरासमोरचे घ्यायचे, एकदम नाही, थोडे थोडे. कूलंटमधे निम्मं डिस्टिल्ड वॉटर. विहिरीचं पाणी घालू नये, क्षार बसतात. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं, पाणी खाली गेलं तसं भरत राहिलो, आतली हवा बुडबुड करत निघून गेली. रात्रभर खाली कोरडा पुठ्ठा ठेवला. सकाळी कोरडाच होता.

इथं थांबलो असतो तर गोष्ट सोपी होती. पंप नवा, पोराचं नुकसान नाही, आपला सौदा शाबूत. थोरलाही म्हणाला, आता झालं ना तुमच्या मनासारखं. पण पंप सांगायचा तर बाकीचं कोणत्या तोंडानं ठेवायचं? दुसरा गिअर उतारावर कधीकधी सुटायचा. मागच्या तळाचा पत्रा सडला होता तिथं आम्ही तुकडा वेल्डिंग करून वर रंग दिला होता. कुठवर सांगायचं? सगळं सांगायला बसलं तर जुनी वस्तू विकलीच जाणार नाही. सीट करकरते, पुसणी काच नीट पुसत नाही, हे काय सांगायचं? ते त्याला पहिल्याच दिवशी कळेल आणि कळून त्याचं काही बिघडणार नाही. मी एवढंच धरलं, की जे त्याला बघून कळण्यासारखं नाही आणि घाटात ज्यानं घात होईल, ते सांगायचं. दुसरा गिअर त्यात बसत होता. उतारावर गिअर सुटला की सगळा भार ब्रेकवर येतो.

पोरगा २४ तारखेला पैसे घेऊन आला. जुना पंप आणि दुकानाचं बिल पुढं ठेवलं, मग गिअरचं आणि पत्र्याचं सांगितलं. वाटलं होतं तो खूश होईल. त्याचा चेहराच बदलला. चहा अर्धा ठेवून म्हणाला, "आबा, उद्या येतो."

आणि दुसऱ्या दिवशी मेस्तरी घेऊन आला. माझी खात्री आहे, त्याच्या घरी रात्री हेच बोलणं झालं असणार की म्हातारा एवढं स्वतःहून सांगतोय म्हणजे याहून मोठं काहीतरी लपवतोय. त्यांचंही चुकलं नाही. न विचारता खोड सांगणारा माणूस त्यांनी बघितलेला नव्हता. मेस्तरीनं दोन तास जीप उलटीपालटी केली, घाटाच्या पायथ्यापर्यंत चालवून आणली. नवीन काही सापडलं नाही. पण मेस्तरी आला म्हटल्यावर भाव तोच कसा राहील? ९१ हजारांवर तुटलं.

म्हणजे १४ हजार गेले, वर पंपाचे २,३००. थोरला दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. सोसायटीला ५ हजार कमी पडले ते मेव्हण्याकडून आणले, आणि मेव्हण्यासमोर हात पसरताना मला काही पुण्य केल्यासारखं वाटलं नाही. लाजच वाटली. ३० तारखेला पावती घेतली.

जीप अजून माळशेजनं जाते-येते. मागच्या पावसाळ्याआधी त्या पोरानं दुसऱ्या गिअरचं काम करून घेतलं आणि एक दिवस वाट वाकडी करून बिल मला आणून दाखवलं. आठ हजार दोनशे. मी चष्मा लावून वाचलं आणि परत दिलं. त्यानं ते घडी करून खिशात ठेवलं, पाणी मागितलं, पिऊन निघून गेला. बिल कशाला दाखवलं ते त्यानं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.